पुढच्या दोन पायांचे नाल

सुट्या गिट्टीवर सायकल कशी चालवायची हे मी पडून पडून शिकलो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि रोहिणखेडहून मोताळ्याकडे जाणाऱ्या आमच्या गाडवाटेवर सरकारने मुरूम-गिट्टी टाकायला घेतली होती. मी मळेवाल्यांकडून वांगी-मिरच्या घ्यायचो, दोन पोती कॅरिअरला बांधून मोताळ्याच्या बाजारात न्यायचो. गिट्टीत पुढचं चाक गेलं की ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही. उतार आला की मुकाट्याने खाली उतरायचं. पहिल्या वर्षी मी उतरत नसे. त्या वर्षाच्या खुणा अजून दोन्ही गुडघ्यांवर आहेत.

पुढे मी घोडी आणि टांगा घेतला, कोणापुढे हात न पसरता घेतला. हे मुद्दाम लिहितो, कारण गावात माझी जी गोष्ट सांगतात तिच्यात हे कधीच येत नाही. तिच्यात फक्त घोडीचे पाय येतात.

बायकोला सातवा महिना लागला होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. मोताळ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी निरोप दिला होता की सातव्यात एकदा आणून दाखवा, पण दचके बसू देऊ नका. त्या रस्त्याला तेव्हा एसटी नव्हती. बैलबंडीपेक्षा टांगा बरा, असं मी ठरवलं.

काळ्या मातीच्या वाटेवर आमची घोडी बिननालाची चालायची. खडीवर ते जमणार नव्हतं. बाजारात निंबाखाली एक म्हातारा मुसलमान नालबंद बसायचा. त्याने चार पायांचा भाव सांगितला. मी निम्म्यावर आणायला पाहिलं. तो हलेना.

"मंग पुढच्या दोनच पायाले ठोक," मी म्हणालो. "ओढते तं पुढचेच पाय. मागचे नुसते मागंमागं येते."

तो तोंडातले खिळे सांभाळत हसला. "शेठ, घोडी विकत घेतली तवा मागचे पाय तिकडंच ठेवून आले होते का?"

"तुले धंदा कराचा का वाद कराचा?"

"मले काय. घोडी तुमची, खूर तुमचे."

आणि त्याने खरंच दोनच ठोकले. माझा राग आहे तो इथे. ज्याची सगळी हयात घोड्यांच्या पायापाशी गेली, त्याने हातोडी खाली ठेवून मला हाकलून द्यायला पाहिजे होतं. टांग्यात बायको बसणार आहे हे मी त्याला सांगितलं होतं का? नव्हतं. पण त्याला विचारायला काय झालं होतं?

आम्ही सकाळीच निघालो. बायकोच्या खाली कुटार-भुशाने भरलेलं मऊ पोतं टाकलं. गिट्टी सुटी दिसली की मी खाली उतरून घोडीचा लगाम धरून चालायचो. निम्मी वाट अशीच नीट गेली. ओढ्यापलीकडे गिट्टीचा नवा थर होता, ताजा फोडलेला, धारदार. कडेला मातीची सरळ पट्टी होती, पण रस्त्याच्या मुकादमाने तिच्यावर शेवटपर्यंत ओळीने चुन्याने रंगवलेले मोठाले दगड लावून ठेवले होते. रोलर यायचा तेव्हा येईल, तोवर आमच्या बंड्या-टांग्यांनीच गिट्टी दाबून द्यावी, असा त्याचा हिशेब. मुकादम बाभळीखाली बसला होता.

"दगड काढ बे," मी म्हणालो. "टांग्यात बाई आहे, दिसत नाही का?"

"बाई आहे तं हळू हाका. सगळे कडंनंच गेले तं गिट्टी दाबीन कोण? माहा बाप?"

मी चाबूक उचलला. तो जागचा उठला नाही. मग मी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली, त्याने माझ्या. ऊन चढत होतं. शेवटी मागून बायको म्हणाली, "चला ना हो. भांडून का रस्ता सरते?"

मी रागातच घोडी गिट्टीवर घातली. फर्लांगभर गेली असेल. मग तिने मागचा डावा पाय उचलला तो खाली टेकवेचना. खुरात खडा रुतला होता. काढला, तर तळव्यातून रक्त आलं. ती पुढे झेप घ्यायची, थांबायची, आणि प्रत्येक झेपेला टांगा हिसका खायचा. बायकोने पोटावर हात ठेवला.

"मघापासून हाललं नाही," ती म्हणाली.

मला रागसुद्धा येईना.

कडेला बसून गिट्टी फोडणाऱ्या बाया उठून आल्या. त्यांच्यातल्या म्हातारीच्या बोटांना हातोडीचा मार बसू नये म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. तिने घोडीचा पाय पाहिला, मग पुढचे पाहिले.

"पुढं नाल अन् मागं काऊन नाही, दादा?"

"समोरून पाह्यणाऱ्यासाठी ठोकले असतीन, माय," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मला त्यांचाही राग यायला हवा होता.

म्हातारीने पोत्याची घडी खुराखाली धरली, त्यावर टायरचा तुकडा बसवला आणि बोटांच्या पट्ट्या सोडून गच्च बांधलं. मग बायकोला म्हणाली, "तू उतर. चालल्यानं काही होत नाही, दचक्यानं होते. धर माहा हात." बाकीच्यांतल्या दोघींनी मातीच्या पट्टीवरचे मुकादमाचे दगड बाजूला सारले. तो बाभळीखालून पाहत होता.

मोताळा अजून कोस-दीड कोस होतं. नवा थर संपेपर्यंत म्हातारी सोबत आली, मग कामावर परत गेली. पुढे बायको एकटी मातीवरून सावकाश चालत राहिली. मागून मी, लंगडी घोडी आणि रिकामा टांगा. नालबंदाला काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. बायको मध्येच थांबायची, पोटावर हात ठेवायची आणि पुन्हा चालायला लागायची. विचारायची माझी छाती झाली नाही.

दवाखान्याच्या ओसरीवर मी बसलो. दार उघडं होतं. नर्सबाईंनी पोटाला नळी लावली, सरकवली, पुन्हा लावली. फार वेळ लागला.

"आहे," त्या म्हणाल्या. "ठोके चांगले आहेत." मग तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहून विचारलं, "हिला चालवत आणली का?"

"घोडी थकली होती," बायको म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मावशीकडं घोटभर चहा घेऊ अन् उन्ह उतरलं की निघू."

"तुम्ही निघा," ती म्हणाली. "मी लेकरू घेऊनच येईन."

तिची मावशी मोताळ्यातच राहायची. दोन महिने ती तिथे राहिली आणि मुलगी तिथेच झाली, सुखरूप. त्या दुपारी मात्र मी तिला दारात सोडून घोडीच्या चालीने परत निघालो. गाव येईपर्यंत दिवस कलला. तेवढ्या वाटेत मी एकदाही टांग्यात बसलो नाही.