भरलेले नऊ

गिथाइगा मास्तरांनी गणितात जिवंत माणूस घातला, तिथंच घात झाला. ‘क्ष’ म्हटलं की सहावीची पोरं जांभया देत, म्हणून त्यांनी पहिल्या बाकावरच्या वामुयूची खरीखुरी आजी फळ्यावर आणून बसवली. वामुयू अकरा वर्षांची. भरलेल्या नऊ वर्षांनी आजीचं वय तिच्या चौपट होईल. तर आज आजी केवढी?

न्येरीच्या त्या डोंगरउतारावर जुन्या घरांत मोजताना दहा म्हणत नसत. दहा पुरे झाले की हातचं काही जातं, म्हणून ‘भरलेले नऊ’. आणि माणसं, त्यातही म्हाताऱ्यांची वर्षं, तर मोजायचीच नाहीत. कॉलेजात जाऊन मास्तर माणसांचं विसरले होते; जिभेवरचे भरलेले नऊ मात्र आईनं बसवले तसेच होते.

“एकाहत्तर,” वामुयू मोठ्यानं म्हणाली, आणि घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी आजी तापानं आडवी झाली. तिला सारा गाव शोशो, म्हणजे आजीच म्हणे. वामुयू शाळेत यायची थांबली. मीच शोशोला मोजून टाकलं, असं म्हणत ती रडत होती म्हणे. चहाची पानं खुडणाऱ्या बायका मास्तर दिसले की वाट सोडू लागल्या. मास्तर अंधश्रद्धेवर शिक्षकखोलीत दोन विनोद करत आणि मग त्यांना घास उतरत नसे.

शनिवारी दुपारी ते शोशोच्या दारात उभे राहिले.

“आलास का मोजणारा?” आतून खोल गेलेला आवाज आला.

वामुयूनं मान वर न करता वही पुढं केली. क्ष + ९ = ४ × (११ + ९). मास्तरांनी दोनदा वाचलं.

“शोशो, हिनं भरलेल्या नऊचे नुसतेच नऊ धरलेत. एकाहत्तर वय तुमचं नव्हेच.”

म्हातारी कोपरावर उठली. “म्हणजे मोजली ती दुसरीच कुणी?”

“दुसरीच.”

“मग ती मरेना का. मी कशाला झोपलेय?” तिनं पेज मागवली.

सोमवारी वामुयू बाकावर होती. वही पुढं करून तिनं हळूच विचारलं, “मास्तर, मग बरोबर उत्तर?”

“देतो नंतर.”

परीक्षा आठ दिवसांवर आलीय. ते पान अजून लाल शाईविना आहे. मास्तर पेन उचलतात, आणि कुंपणापलीकडच्या वाटेनं शोशो खोकत गेली की टोपण लावून ठेवतात.