बाबांच्या कुत्र्याबरोबर बिलावलीला

बाबा गेल्यावर त्यांच्या कुत्र्याला कोण फिरवणार, हे घरात कुणी विचारलं नाही. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला, महूचे काका आणि आत्या परत गेले, आणि दुसऱ्या सकाळी कुत्रा पट्टा तोंडात धरून माझ्या दारात उभा राहिला. बाहेर पाऊस पडत होता.

"जा ना घेऊन," आई म्हणाली. "नाहीतर इथंच गडबड करेल."

विजय नगरच्या ऑफिसातून मी सुट्टी घेतली होती, पण सुट्टीत करायचं असं काही नव्हतं. छत्री घेतली आणि निघाले. खंडवा रोडवरून बिलावलीच्या तळ्यापर्यंत त्यानेच मला ओढत नेलं. बांधावर पोचल्यावर खाली पाहिलं, तेव्हा कळलं की माझे बूट चिंब भिजलेत.

इंदूरला समुद्र नाही म्हणून काय झालं, बिलावली आहे, असं बाबा म्हणायचे. होळकरांच्या राज्यात हे तळं बांधलं, इथलं पाणी शहरात जायचं, आणि महूच्या छावणीत शिपाई असलेले माझे आजोबा सुट्टीच्या दिवशी सायकल मारत इथे पोहायला यायचे, हे सगळं ते दर वेळी तेवढ्याच उत्साहाने सांगायचे. मी अर्ध्या कानाने ऐकायची. आता बांधावरून चालताना त्यातला शब्द न् शब्द आठवत होता. फक्त त्यांचा आवाज आठवत नव्हता. त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

बांधाच्या टोकाला पत्र्याची एक शेड आहे. कुत्रा तिकडे धावला. आत एक म्हातारे गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून बसले होते. त्याने सरळ त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

"आ गए भिया!" ते त्याला खास इंदुरी थाटात म्हणाले. मग त्यांनी मला पाहिलं. "आप साब की बिटिया? साब कहाँ हैं? कितने दिन हो गए."

बाबांनी या माणसाबद्दल मला कधी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "बाबा गेले."

"कहाँ गए?"

मला परत सांगावं लागलं. "पापा नहीं रहे. हार्ट अटैक आया था."

ते कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग रडायला लागले, लहान मुलासारखे. शेड गळत होती. मी माझी छत्री त्यांच्या डोक्यावर धरून उभी राहिले.

डोळे पुसून त्यांनी सांगितलं की ते सांवेरच्या बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर पक्षी बघायला लागले, आणि इथेच बाबांची ओळख झाली. दुर्बीण माझ्या हातात देऊन त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

"वो लंबी पूँछ वाला. साब रोज उसी को देखते थे. इनमें अंडों पर बाप बैठता है. माँ दूसरा घर बसाने चली जाती है."

एवढं बोलून ते स्वतःच हसले. मी दुर्बिणीतून पाहिलं. कमळपक्षी होता. तरंगत्या पानांवर, पावसात, जराही न हलता बसला होता. अगदी स्पष्ट दिसत होता. "छान आहे," मी म्हणाले आणि दुर्बीण परत केली.

"आपकी बहुत बात करते थे."

"क्या कहते थे?"

त्यांनी आठवून पाहिलं. "यही, कि बिटिया बोलती कम है."

"और?"

"बस, यही."

निघताना ते उठले, टोपी काढली आणि म्हणाले, "जय भीम." हे ते बाबांकडूनच शिकले असणार. मीही "जय भीम" म्हणाले.

घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. तळ्यावर कोण भेटलं ते मी तिला सांगितलं.

"सांवेरवाले?" ती म्हणाली. "हे त्यांच्यासाठी रोज दोन पराठे न्यायचे. त्यांना कळवायला हवं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही गं."

तिने गॅस बंद केला, ओट्याला टेकली आणि रडू लागली. माणसं घरात होती तोवर ती रडली नव्हती. तिच्याजवळ जायला हवं, हे मला समजत होतं. मी जुना टॉवेल घेतला आणि दारातच बसून कुत्र्याला पुसायला लागले. तो कोरडा झाला, तरी पुसत राहिले.