जीपमधली जागा

मंडळी, आज जोयड्यात अणशी गावाला जाणाऱ्या जीपमध्ये बसले. जीपवाल्या तात्यांनी विचारलं, "अप्लाइड सायकॉलॉजी शिकून तू काय होनार गं?"

"शाळेत समुपदेशक, नाहीतर कंपनीत माणसं निवडायचं काम," मी म्हटलं.

तेवढ्यात दोन शेजारणी आल्या. कुंपणावरून त्यांचा सहा महिने अबोला. मागं जागा असूनही तात्यांनी दोघींना एकाच बाकावर बसवलं. मला वाटलं, आता पेटणार!

पहिल्या मोठ्या वळणावर दोघींनी एकमेकींचा दंड घट्ट धरला. अणशी येईपर्यंत एकीनं दुसरीला मिरचीची रोपं द्यायचंसुद्धा कबूल केलं.

उतरताना मी म्हटलं, "तात्या, वळण जोरात घेतलंत."

"मुद्दामच घेतलं," ते हसले. "नोकरी न्हाई लागली तर ये. क्लीनर पाहिजे हाय."

सांगा, अर्ज करू का?