गच्चीवरचे तीन थर

"पोरगी बोलतच न्हाय. नुसती टेप लावती अन् वहीत खरडती," खाली कुणीतरी म्हणालं.

"इंग्लिश मीडियमची हाय. आपल्याशी कशाला बोलंल?"

मी वर गच्चीच्या कठड्याशी उभी होते. ऐकू आलं. टेप खाली सोडत राहिले.

भिगवणच्या अलीकडचं हे हायस्कूल. मी बारामतीत एका कन्सल्टंटकडे स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. शाळेला आठ वर्गांची जुनी इमारत नवी करायची होती. कॉम्प्युटर लॅब, मुलींसाठी नीट टॉयलेट्स, रॅम्प, गच्चीवर सोलर पॅनल. अशा कामाआधी स्ट्रक्चरल ऑडिट करतात, म्हणजे इमारतीची तब्येत तपासतात. गच्ची वजन पेलेल असं आमचं पत्र मिळालं की सोलर चढणार होतं. पत्र रविवारच्या माजी विद्यार्थी मेळाव्याआधी हवं होतं. तो शुक्रवार होता.

पहिली शंका जिन्यातच आली. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या, शेवटची मात्र जवळजवळ दीड फूट. मी अडखळले. वर कठडा गुडघ्याच्या थोडा वर. शाळेत एवढा बुटका कठडा कुणी बांधत नाही. मग खाली उतरून भिंत पाहिली. पावसाचं पाणी बाहेर काढणारे पाइप एकावर एक तीन ओळींत होते. खालच्या दोन ओळी बुजवलेल्या.

म्हणजे कठडा बुटका नव्हता. गच्ची वर आली होती.

हेडमास्तर गायकवाड सरांनी खुलासा केला, तोही अभिमानाने. गच्ची गळायची. म्हणून पहिल्या मेळाव्यात एका बॅचने शाळेला कोबा करून दिला. कोबा म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून वरून घोटलेला थर, पाणी उताराने निघून जावं म्हणून. काही वर्षांनी पुन्हा गळायला लागलं. दुसऱ्या बॅचने पुन्हा कोबा दिला. मग तिसऱ्या बॅचनेही. प्रत्येक बॅचच्या नावाची फरशी कठड्याला बसवलेली होती.

"जुना काढून नवा नाही का केला?" मी विचारलं.

"काढायचा?" सर दचकले. "आधीच्या बॅचनं दिलेलं तोडायचं? कोण हात लावील मॅडम?"

यंदाच्या बॅचच्या विटाही येऊन पडल्या होत्या. ढीग गच्चीच्या टोकाला होता. त्याच्या बरोबर खाली दहावीचा वर्ग.

टेप बाहेरून सोडून गच्चीपासून खिडकीच्या माथ्यापर्यंत मोजलं. आतून खिडकीच्या माथ्यापासून छतापर्यंत मोजलं. वजाबाकी केली. स्लॅब आणि कोबा मिळून नऊ इंच असायला हवे होते. एकोणीस आले. पुन्हा मोजलं. एकोणीसच.

मग सरांना विचारून दहावीच्या वर्गात गेले. मुलं उठून उभी राहिली, मी हातानेच बसा म्हटलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छतालगत दोरी ताणली. मधोमध छत दोरीच्या दोन बोटं खाली आलं होतं. एका कोपऱ्यात सिमेंट सुटून गंजलेल्या सळया दिसत होत्या. त्याखालचा बेंच मुलींनी स्वतःच बाजूला सरकवला होता. "वरून माती पडते मॅडम, वह्या खराब होतात," एक जण म्हणाली.

व्हरांड्यातून बॉसना फोन केला.

"सर, पत्र देता येणार नाही. दहावीचा वर्ग तर..."

"तू रिपोर्ट लिही. दुपारच्या मीटिंगमध्ये काही कमिट करू नकोस. सोमवारी मी येतो, शाळा समितीच्या आबांना मी समजावतो. ते प्रकरण नाजूक आहे."

"ओके सर," मी म्हणाले. दहावीचे जादा तास शनिवारी आणि रविवारी सकाळीही होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पुढे काय झालं ते आधीच सांगते. तिन्ही थर निघाले, वरून खाली, एकेक. दहावीच्या वर्गावरचा स्लॅबही उतरवावा लागला. तिथे आता नवा आहे, वर सोलर आहे, आणि गळत नाही. माझा रिपोर्ट अकरा पानांचा झाला. तो फाइलला आहे. निर्णय त्यावर झाला नाही. या कामात नीट मोजलं की बोलावं लागत नाही, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला.

निर्णय त्याच दुपारी हेडमास्तरांच्या खोलीत झाला. आबा शाळा समितीचे अध्यक्ष आणि पहिल्या बॅचचे विद्यार्थी. पांढरी टोपी, हातात चहाची बशी.

"काय म्याडम, पत्र कवा देताय?"

"रिपोर्टमध्ये येईल," मी म्हणाले.

"रिपोर्ट इंग्रजीत असंल. आमी अडाणी मानसं." गायकवाड सर हसले. आबा पुढे म्हणाले, "तोंडी सांगा की. गच्ची हाय का न्हाय दणकट?"

"डेड लोड जास्त आहे."

"आता ह्यो कोन?"

मी वही मिटली. "गच्चीचं स्वतःचं वजन. एका वर्गावर उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या उभ्या केल्यात, एवढं जादा वजन आहे. दहावीच्या वर्गाचं छत खाली आलंय. तो वर्ग आत्ता रिकामा करा. सोमवारी नाही, आत्ता."

गायकवाड सर उठून बाहेर गेले. आबांनी बशी खाली ठेवली.

"सगळ्यात खालचा थर आमच्या बॅचचा हाय. मजूर न्हाय लावला. मी सोता गुडघ्यावर बसून घोटलाय त्यो. पोरं भिजत्यात म्हनून."

"हो आबा."

बाहेर बेंच ओढल्याचे आवाज सुरू झाले. आबा दाराकडे बघत होते.

"म्हंजी आमी पोरांच्या डोक्यावर वजन चढवत बसलो, असं म्हनायचंय तुमाला?"

अशा वेळी मी नेहमी 'तसं नाही' म्हणते.

"हो आबा," मी म्हणाले. "तसंच म्हणायचंय."