सरोजाबाईंनी निवडलेला लॅपटॉप

चौतीस वर्षं सरोजाबाई कोर्टात टायपिस्ट होत्या. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश सांगायचे आणि बाईंची बोटं चालायची. नजर कधी बटणांवर जायची नाही. एखादा वकील उलटतपासणीत भलतंच बोलून गेला की बाई फक्त मान वर करून बघत, आणि वकील आपलं वाक्य आपणच दुरुस्त करी. त्यांचा राग कुंभकोणमच्या निम्म्या वकिलांना ठाऊक होता. घरात मात्र तो राग फारसा कुणी पाहिला नव्हता. घरात त्या गिळत.

निवृत्त झाल्यावरही काम सुटलं नाही. साक्कोट्टैचे चंद्रमौळी वकील आणि आणखी दोघंतिघं आपले मसुदे फोनवर बोलून पाठवत, बाई ते उतरवून देत. दर दोन महिन्यांनी त्या होसूरला लेकीकडे जात. कीर्तिला जुळी मुलं होती. तिथे गेल्या तरी दुपारी मुलं झोपली की बाई टाइप करायला बसत.

लॅपटॉप कीर्तिचाच, तिच्या कॉलेजातला. बिजागरी मोडलेली, त्यामुळे पडदा मागे पडू नये म्हणून कॉफीचा डबा टेकवून ठेवायचा. बॅटरी कधीच गेलेली, वायर लावली तर चालणार. गेल्या मार्चमध्ये जुळ्यांतल्या एकाने रांगत येऊन ती वायर ओढली आणि तो लॅपटॉप एकदाचा बंद पडला, तो परत उठलाच नाही. त्यात एका जमिनीच्या दाव्यातली साक्ष होती, चाळीस पानं. बाईंनी ती कीर्तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, तीन दिवस बसून पुन्हा उतरवली. नातवाला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पण कुंभकोणमला आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मी नवा लॅपटॉप घेणार."

राजगोपालराव बँकेतून निवृत्त झालेले. घरात दोघं मराठीच बोलत, तंजावरकडची जुनी मराठी, 'सगळे'ला 'अस्की' म्हणणारी, बाहेर पडलं की तमिळ. त्यांनी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, "घे की. टाइप करायला कुठलाही चालतो."

"अस्की लॅपटॉप सारखे नसतात," बाई म्हणाल्या.

त्यांनी तीन आठवडे घेतले. शॉर्टहँडच्या वहीत शेवटची पानं कोरी होती, त्यांवर लिहून काढलं. वजन सव्वा किलोच्या आसपास, कारण उजवा खांदा आखडलेला आणि बसमध्ये पिशवी मांडीवरच ठेवावी लागते. बॅटरी निदान आठ तास, कारण होसूरची बस दिवसभराची. पडदा चकाकणारा नको, खिडकीचं ऊन त्यावर पडतं आणि आपलंच तोंड दिसतं. रॅम सोळा. बटणं अशी हवीत की दाबल्याचं बोटाला कळलं पाहिजे. या शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

दुकानात राजगोपालराव बरोबर आले. विक्रीवर असलेल्या जयकुमारने दोघांना खुर्च्या दिल्या आणि विचारलं, "सार, बजेट काय?"

"मला हवाय," बाई म्हणाल्या. "बॅटरी किती चालते, या ओळीतल्यांची?"

"बघा सार," जयकुमार रावांकडे वळून म्हणाला, "मामींना यूट्यूब, भजनं, नातवंडांशी व्हिडिओ कॉल. त्याला हा मोठ्या पडद्याचा बेस्ट. अक्षरं मोठी दिसतात."

"हो, डोळ्यांना बरा," राव म्हणाले.

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. त्या उठल्या. मांडलेल्या लॅपटॉपांपैकी पहिल्यावर उभ्यानेच टाइप करायला लागल्या. चार ओळी झाल्यावर सोडला. "बटणं मऊ पडलेल्या पापडासारखी आहेत." दुसऱ्यावर गेल्या. "बंद करायचं बटण इथे, खोडायच्या बटणाला चिकटून? हा बनवणाऱ्याने आयुष्यात एक पान तरी टाइप केलंय का?" तिसऱ्याचा पडदा त्यांनी दाराकडे वळवला, रस्त्यावरची रिक्षा त्यात स्पष्ट दिसली, तोही सोडला. मग त्यांनी पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि काउंटरवर ठेवला.

"अग, हे काय?" राव पुटपुटले.

"वजन बघतें. पेटीवर लिहिलेलं मला नको."

जयकुमार हसू दाबत होता. पाचवा की सहावा, राखाडी रंगाचा, चौदा इंची, काट्यावर एक किलो दोनशे ऐंशी भरला. पडदा मंद. बटणं बोटाखाली नीट बसत आणि नीट उठत. बाईंनी डोळे मिटून पानभर मजकूर लिहिला, मग डोळे उघडून वाचला. एकही चूक नव्हती. जयकुमारचं हसू आता राहिलं नव्हतं. "हा," त्या म्हणाल्या.

दुकानात तो फक्त दाखवायला होता, नवा तीन दिवसांनी येणार होता. मालक रामलिंग यांनी बिल केलं, बाईंच्या नावावर, मॉडेल नंबर घालून. "फोन नंबर?" त्यांनी विचारलं. बाई तोंड उघडणार तोच रावांनी आपला नंबर सांगून टाकला. ते नेहमीचंच होतं. गॅसला, विजेला, दवाखान्यात, सगळीकडे त्यांचाच नंबर. बाईंनी बिलावरचा मॉडेल नंबर पुन्हा एकदा वाचला.

चौथ्या दिवशी पेटी आली. राखाडीच रंग, कंपनीही तीच. बाईंनी झाकण उघडलं, बोटं ठेवली, आणि पहिल्याच शब्दाला त्या थांबल्या. बटणं खाली जात होती पण वर येताना रेंगाळत होती. त्यांनी लॅपटॉप उचलून काट्यावर ठेवला. एक किलो सातशे दहा. उलटा करून खालचं लेबल वाचलं. रॅम आठ.

"चोर मेले," त्या म्हणाल्या. राव आंघोळीला गेले होते. बाईंनी पेटी पिशवीत घातली, रिक्षा केली आणि तडक दुकानात गेल्या.

दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती. बाईंनी पेटी काउंटरवर आदळली नाही, पण ठेवली अशी की सगळे वळले. "म्हातारी आहे, तिला काय समजतंय, म्हणून दुसरा माल गळ्यात मारलात? बिलावर नंबर आहे ना? वाचा मोठ्याने. आता पेटीवरचा वाचा. चोर आहात तुम्ही!" जयकुमारकडे बोट करून त्यांनी तो शब्द दुसऱ्यांदा उच्चारला.

जयकुमारचा चेहरा पडला. "मामी, मी नाही हो..."

रामलिंग पुढे आले. "अम्मा, रागावू नका. तुमचं मॉडेल यायला अजून आठवडा लागणार होता. आम्ही सारांना कळवलं. त्यांनीच सांगितलं, दुसरा पाठवा. हे बघा." त्यांनी आपला फोन पुढे केला.

रावांचा निरोप होता, तमिळमध्ये, दोनच वाक्यं. असू दे, तोच पाठवा. तिला फरक कळायचा नाही.

बाईंनी तो दोनदा वाचला. त्यांना वाटलं होतं की आता आपण आणखी ओरडू. पण ओरडणं आलंच नाही. त्यांनी फोन परत दिला. सगळं दुकान बघत होतं आणि ज्याला बोलायचं तो इथे नव्हता, तो घरी अंग पुसत होता.

"जयकुमार," त्या म्हणाल्या, "तुला चोर म्हटलं ते मागे घेतें. तेवढंच. बाकीचं नाही." मग रामलिंगांकडे वळल्या. "बिल कुणाच्या नावावर?"

"तुमच्या, अम्मा."

"मग संमती कुणाची घ्यायची?"

"आता पेटी उघडलीय, आम्हाला परत घेता यायचं नाही. आणि सार म्हणाले म्हणूनच..."

बाई पुढे ऐकायला थांबल्या नाहीत. मांडलेला तोच राखाडी लॅपटॉप त्यांनी पुढे ओढला, खुर्ची घेतली आणि ग्राहक मंचाला द्यायची तक्रार लिहायला सुरुवात केली. बिल क्रमांक, तारीख, मागितलेलं मॉडेल, पोचवलेलं मॉडेल, वजनातला फरक ग्रॅममध्ये. अशा हजारभर तक्रारी त्यांच्या बोटांखालून गेल्या होत्या. पाच मिनिटांत दीड पान झालं. शेवटी प्रतिवादीच्या जागी आल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय लिहूं?"

रामलिंगांनी ते दीड पान उभ्याने वाचलं. मग आत जाऊन तिरुचीच्या दुकानदाराला फोन केला. बोलणं बाहेरही ऐकू येत होतं. परत आले तेव्हा म्हणाले, "परवा येईल. हा ठेवून जा."

"परवाची तारीख बिलामागे लिहून सही करा. आणि फोन नंबर खोडा. माझा लिहा."

घरी राव कॉफी पीत बसले होते. बाईंनी चपला काढल्या, आत आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"तिला फरक कळायचा नाही. हे तुम्ही लिहिलंत?"

रावांनी कप खाली ठेवला. "अग, तुला थांबायला लागू नये म्हणून केलं. चंद्रमौळींचं काम अडलं होतं ना? त्यात काय एवढं?"

"मला कां नाही विचारलंत? मी आतल्या खोलीत होतें. दहा पावलांवर."

"इतकं डोक्यात राख घालून घेण्यासारखं..."

"तंजावरला बढती आली होती मला," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण रावांचा कपाकडे गेलेला हात थांबला. "जिल्हा न्यायाधीशांकडे. सत्तावीस वर्षं झाली. एका मुंजीत तुम्ही हेडक्लार्कला सांगून मोकळे झालात, ती जाणार नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे नकाराचा मसुदा ठेवला. मी तो टाइप केला. माझाच नकार, माझ्याच हातांनी, आणि खाली सही केली. एक चूक नव्हती त्यात."

"कीर्ति लहान होती तेव्हां," राव हळूच म्हणाले.

"कीर्ति बारा वर्षांची होती. आणि तंजावर एका तासावर आहे. रोज जाऊन येणारे चौघे होते ऑफिसात." त्या थांबल्या. रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, कारण रडलं की राव पाणी आणून देत आणि विषय तिथे संपत असे. "तुम्ही वाईट माणूस नाही. तेंच मला सांगून सांगून अस्कीं गप्प बसवलं. पण तुम्ही माझ्या वतीने बोलतां, आणि मी समोर उभी असतें."

रावांनी सॉरी म्हटलं, पण ज्या सुरात ते बँकेतल्या गिऱ्हाइकांना म्हणत त्याच सुरात, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

ठरलेल्या दिवशी लॅपटॉप आला. बाईंनी आधी वजन केलं, मग पानभर लिहून पाहिलं, मग जयकुमारला कॉफी दिली. तो जाताना म्हणाला, "मामी, काल एक बाई आल्या होत्या नवऱ्याबरोबर. मी बाईंनाच विचारलं, काय हवं." बाईंनी फक्त मान हलवली. त्या आठवड्यात त्यांनी गॅस, वीज आणि दवाखाना, तिन्ही ठिकाणी जाऊन आपला नंबर लावून घेतला. वीज कार्यालयातला कारकून म्हणाला, "सार येऊ देत की." त्याला काय ऐकावं लागलं ते त्याच्या शेजारच्या टेबलालाही ऐकू गेलं.

मग त्या होसूरला निघून गेल्या. सकाळच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तिरुचीपर्यंत चंद्रमौळींचं एक प्रतिज्ञापत्र झालं, सेलमच्या अलीकडे दुसरं, आणि पडद्यावर ऊन होतं तरी अक्षर अन् अक्षर दिसत होतं.

दरवेळी त्या तीन आठवड्यांनी परतत. या खेपेला पाचवा आठवडा लागला तरी जायचं नाव नव्हतं. कीर्तिने एकदोनदा आईकडे बघितलं, विचारलं नाही. एका दुपारी रावांचा फोन आला. मुलं झोपली होती, बाईंच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"केव्हां येतेस?" रावांनी विचारलं. "मी स्वयंपाक करतों तो मलाच खाववत नाही."

बाईंनी खरं ते सांगितलं. "माझा राग अजून उतरला नाही. उतरला कीं तिकीट काढीन."

"बरं," राव म्हणाले. समजूत घालायला ते पुढे काहीच बोलले नाहीत, हे मात्र नवीन होतं. बाईंनी फोन ठेवला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.