निमकरकाकांची शिकार

निमकरकाकांकडे पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा त्यांच्या गॅरेजमध्ये रानडुक्कर उलटं टांगलेलं होतं आणि खाली बादलीत आतडी होती. मी ब्रिस्टलमधली जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर; रक्त मला नवं नाही. पण तो उग्र, ओलसर वास स्वेटरमध्ये बसला आणि वरणभात मी ताटात तसाच सोडला. काका कोपरापर्यंत ग्लोव्ह्ज घालून डुकराचं लिव्हर उजेडात निरखत होते.

"एक डाग दिसला, तरी जनावर खायचं नाही, मेधा. इथे मीच इन्स्पेक्टर."

जन्मभर भूल देण्याचं काम करून ते निवृत्त झाले आणि जंगलाच्या कडेला एकटेच राहू लागले. रानडुकरं शेजारच्या शेतकऱ्याचं कुरण नांगरल्यासारखं उकरून टाकत, म्हणून त्याने काकांना तिथे शिकारीची परवानगी दिली होती. "भूल काय नि गोळी काय, पेशंटला कळता कामा नये," असं ते म्हणत. आणि दुसरं म्हणजे, "डुक्कर नंतर बघायचं, आधी त्याच्यामागे काय आहे ते बघायचं. गोळी अडवायला मागे मातीचा चढ नसेल तर बोट ट्रिगरवर जाता कामा नये." त्यामुळे बहुतेक वेळा ते रिकाम्या हातांनी परतत.

त्यांचा शिकारीतला जोडीदार ग्रेग, गावातला बिल्डर. मनमोकळा, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. एकदा ऑक्टोबरात काकांनी मला त्यांच्या मचाणावर नेलं. ग्रेग कुरणाच्या दुसऱ्या टोकाला होता. ऊन कलताना एक मादी पिल्लं घेऊन कुंपणाशी आली. काकांनी रायफल खाली ठेवली. "पिल्लंवाली आहे. शिवाय मागे लोकांच्या फिरण्याची पायवाट आहे," ते कुजबुजले. तेवढ्यात ग्रेगने गोळी झाडली.

मादीच्या पोटात गोळी लागली. ती किंचाळत काटेरी झुडपांत घुसली. कुंपणापलीकडे कुत्रा फिरवणारी एक बाई जागीच थिजली होती.

ग्रेग हसत आला. "मरेल ती आपोआप. चला, पबमध्ये जाऊ."

जखमी डुक्कर अंगावर येतं, म्हणून काका थोडा वेळ थांबले, मला गाडीत बसवलं आणि रक्ताच्या मागावर एकटेच झुडपांत शिरले. ग्रेग गाडीला टेकून फोनवर कुणाला तरी तो किस्सा रंगवून सांगत होता. ते ऐकू येऊ नये म्हणून मी गाडीची काच वर केली. बऱ्याच वेळाने एकच गोळी ऐकू आली. काका परतले तेव्हा त्यांचे हात ओरबाडले होते.

"जिवंत होती. आतडी फरफटत चालत होती," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं पोलिसांना कळवलं. ग्रेगचं बंदुकीचं लायसन्स गेलं. गाव मात्र ग्रेगच्या बाजूने उभं राहिलं. पबमध्ये काकांच्या टेबलाशी कुणी बसेना. ज्या शेतकऱ्याचं कुरण त्यांनी राखलं, त्यानेही परवानगी काढून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात काका लंडनमध्ये एजवेअरला मुलीकडे राहायला गेले.

सामान बांधायला मी गेले होते. "काका, गाव असं वागलं याचं वाईट वाटतं का हो?" मी विचारलं.

ते कप कागदात गुंडाळत होते. "गावाचं सोड गं. कितीतरी वर्षं शिकारीला मी त्या माणसाच्या डब्यातलं खाल्लं. त्याची किळस येते, ती काही केल्या जात नाही."