हिरालाल मिस्त्रीचा पेचकस

चिचगडला कुणाच्या गाडीत आवाज आला की लोक बोनेट उघडत नाहीत, हिरालालला हाक मारतात. हिरालाल हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, इंजिनावर टेकवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि सांगतो, आवाज कुठला ते. तीस वर्षं असंच चाललं. कानवाला मिस्त्री, असंच म्हणतात त्याला.

त्या एप्रिलात भूमेश्वरीचा पेट्रोलवरचा छोटा ट्रक तीन दिवसांत दुसऱ्यांदा त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर उभा राहिला. मागं मोहफुलांची पोती. भूमेश्वरी स्वतःच चालवते, देवरीच्या बाजारापर्यंत. हिरालाल मागच्या खोलीत गॅसवर भाताचा कुकर चढवून बाहेर आला.

"का झालं वो बाई?"

"काहीच नाही झालं, तेच तं झालं. तोच आवाज. टक टक टक."

"परवा गेला होता ना?"

"तुमच्यासाठी गेला असन, काका. माह्यासंगं देवरीले आला, अना वापसबी आला."

"चालू ठेव."

हिरालालनं पेचकस टेकवला. कानाला लावला. काही नाही. दुसऱ्या कानाला लावला. काही नाही.

"मख्खन चालून राहिली गाडी."

"मख्खन? तिकडं पानठेल्यावर बकारामनं मान वळवून पाहिलं, इतकी वाजून राहिली! आख्ख्या गावाले ऐकू येते, तुमालेच काऊन नाही?" भूमेश्वरीनं चाबी काढली. "सांगून ठेवते. आज नाही गेला तं मी गोंदियाच्या वर्कशॉपात नेते. थे मशीन लावून पाहतात."

बकारामला हे ऐकू गेलं असणारच. म्हणजे संध्याकाळपर्यंत देवरीत बातमी जाईल की हिरालालचा कान गेला. आणि कान गेला तर या पत्र्याखाली येणार कोण? बायको जमुनाबाईला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी दुर्गेश्वरी रायपूरला. दिवसभरात जे कोण येतं, ते गाडी घेऊन येतं.

"पाच मिनिटं दे," तो म्हणाला. "चालू कर फिरून."

या इंजिनात अंगठ्याएवढे दोन सोलेनॉइड असतात. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे, त्यासाठी तेल सोडायचं-अडवायचं काम त्यांचं. ते अडकायला लागले की गरम इंजिन टकटकतं. हिरालालनं गोंदियाहून बसनं जोडी मागवली होती. परवा एक बदलला, आवाज गेला असं वाटलं, म्हणून दुसरा परत पाठवायला डब्यात तसाच ठेवला.

आवाज गेला असं *वाटलं*.

त्यानं भूमेश्वरीकडं पाठ केली, पेचकसाची मूठ दातांत धरली आणि टोक दुसऱ्या सोलेनॉइडजवळ टेकवलं.

टक. टक. टक. थेट जबड्यातून कवटीत.

एवढा मोठा आवाज! हिरालाल तसाच वाकून राहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं.

"का खाऊन राहिले जी? पेचकस?"

"बंद कर गाडी."

दहा नंबरचा पाना, एक बोल्ट. जुना सोलेनॉइड ओढून काढला, नव्याच्या रबरी रिंगला तेल लावलं, बसवला, वायरचा जोड दाबला. इंजिन तापू दिलं. पुन्हा दातांत मूठ. आता नुसती एकसारखी घरघर.

"गेला!" भूमेश्वरी टाळी वाजवून म्हणाली. "आता खरंच गेला, काका!" मग तिनं शेडच्या आत पाहिलं. "अना तुमचा भात? जळून राहिला ना!"

"शिट्टी कुठं झाली अजून?"

"सात झाल्या! मी मोजल्या!"

हिरालाल आत धावला. खोलीत धूर. कुकर उतरवला आणि तसाच उभा राहिला. भात वर्षभर जळतच होता. शिट्टी खराब म्हणून त्यानं ती दोनदा बदलली होती. काढलेल्या दोन्ही खिडकीत तशाच पडून होत्या. त्यानं एक उचलून फुंकली. आरपार मोकळी. दुसरी फुंकली. तीही.

घरात बोलायला एक माणूस असतं, तर पहिल्याच दिवशी म्हणालं असतं, अहो, शिट्टी झाली.

भूमेश्वरी दारात आली. आता ती जवळ आली, सावकाश बोलली. "काका, मी कोनाले नाही सांगत."

"जा बाई. उशीर होऊन राहिला."

ट्रक निघाला. धूळ उडाली तेवढी दिसली.

हिरालालनं करपलेल्या भाताचा वरचा थर ताटात काढला. बाकावर पान्यांच्या मधोमध फोन थरथरत सरकत होता. दुर्गेश्वरी. रविवारी दुपारी करते. तो दोन वाक्यांत आटपतो: नेटवर्क नाही बेटी, ठेव.

त्यानं फोन कानाला घट्ट दाबला. आतून कुणीतरी लांब बोलत होतं.

"नेटवर्क बरोबर आहे, बेटी," तो म्हणाला. "मलेच ऐकू नाही येत. जोरानं बोल."